भोवरा कोण?

मोठ्या बाईंनी जप्त केलेलं पुस्तक टेबलावर उपडं ठेवलं आणि भूगोलाच्या सरांना दार लावून घ्यायला सांगितलं.

“वाचलंय का हे?”

“मुलांच्या हातात पाहिलंय,” सर म्हणाले.

“लेखकाचं नाव म्हणे भोवरा. आणि हा भोवरा आपल्याच शाळेत फिरतोय, सर. चिरकी घंटा आपली. जिन्याची हलणारी पायरी आपली. आणि ती मुख्याध्यापिका, करवती बाई...” त्यांनी पुस्तकावर बोट टेकवलं. “ती कोण, ते सांगायला नको.”

सर उगाचच खिडकीबाहेर पाहू लागले.

“तुम्ही इथले जुने. सगळे तुमच्याशी मोकळेपणानं बोलतात. मला हा माणूस शोधून द्या.”

“शोधून काय करणार, बाई?”

“ते मी बघेन.”

सरांना शोधायला लांब जायची गरज नव्हती. भोवरा ते स्वतःच होते.

सुरुवात झाली ती सातवीच्या शेवटच्या तासाला. नकाशे भरता भरता मुलं पेंगायची. त्यांना जागं ठेवायला सर एका चक्रम शाळेची गोष्ट रचून सांगू लागले. घंटा झाली तरी वर्ग उठेना, तेव्हा त्यांनी ती लिहून काढली आणि बायकोनं मागे लागून प्रकाशकाकडे पाठवायला लावली. खरं नाव छापणं शक्यच नव्हतं. करवती बाई म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत मोठ्या बाई होत्या.

त्या पहिल्या पुस्तकात करवती बाई जेमतेम दोन पानांपुरत्या आल्या होत्या. प्रकाशकांनी टाइप करून घेतलेली प्रत परत आली, तेव्हा समासात शेराही टाइपच केलेला होता : ‘या बाईंना सोडू नका. वाढवा.’

“आमचे संपादक,” प्रकाशक म्हणाले. “घरूनच काम करतात. त्यांचं नाव कुणाला सांगायचं नाही, ही त्यांची अट. तुमचं सांगायचं नाही, ही तुमची. मी आपला मधला पोस्टमन.”

संपादकांचं ऐकून सरांनी करवती बाईंना वाढवलं, आणि एकामागून एक पुस्तकं येत गेली. उशिरा आलेल्या मुलाला करवती बाई म्हणतात, ‘ये ये, उद्याच्या शाळेला लवकर आलास!’ हे वाक्य पोरांच्या तोंडी बसलं होतं. पण ते सरांचं नव्हतं. संपादकांनी घातलेलं होतं. सगळ्यात जास्त हशा मिळवणारी वाक्यं त्यांचीच असायची. सरांना कधी कधी हेवा वाटायचा.

त्या संध्याकाळी सरांनी घरी सगळं सांगितलं.

“नोकरी गेली तर?” त्यांनी बायकोला विचारलं.

“मग भोवऱ्यानं घरात गरगर फिरावं. केर तरी निघेल,” ती म्हणाली आणि हसली. मग सरांचा चेहरा पाहून तिनं त्यांच्यासाठी चहा टाकला.

नव्या पुस्तकाचं हस्तलिखित तयारच होतं. सरांनी शेवटचं पान फाडून पुन्हा लिहिलं. आता निरोपसमारंभात करवती बाई मुलांना जवळ घेऊन ढसाढसा रडत होत्या. उद्या आपण सापडलोच, तर निदान हे पान आपल्या बाजूनं बोलेल, असा त्यांचा हिशेब.

बायकोनं ते वाचलं. “या रडल्या?”

“माणूसच आहेत ना?”

“आहेत खऱ्या,” ती म्हणाली. पण पटल्यासारखं दिसलं नाही.

सरांनी पुस्तक प्रकाशकाकडे नेऊन दिलं. दोन दिवसांनी फोन आला, की संपादकांकडे पोचवलंय.

इकडे सर रोज मोठ्या बाईंना चुकवत होते. शेवटी बाईंनीच त्यांना जिन्यात गाठलं.

“काय झालं शोधाचं?”

“चालू आहे.”

“राहू द्या. माझा संशय चित्रकलेच्या बाईंवर आहे. मुलं सारखी त्यांच्याभोवती असतात, आणि स्टाफरूममध्ये माझा विषय निघाला की त्या खाली बघून हसतात. उद्या बोलावतेच त्यांना.”

चित्रकलेच्या बाई कित्येक वर्षं हंगामीच होत्या. त्यांना कायम करायचं की नाही, ते याच आठवड्यात ठरणार होतं.

सर वर्गात गेले. मुलांना नद्या निळ्या करायला सांगितल्या आणि खिडकीपाशी उभे राहिले. शेजारच्या वर्गात चित्रकलेच्या बाई कुणाला तरी सांगत होत्या, “अरे, हा घोडा आहे की सोफा?” आणि अख्खा वर्ग खिदळत होता. उद्या यांच्या हातात कागद ठेवून घरी पाठवतील. आणि आपण? आपण नद्या निळ्या करत बसणार?

मधल्या सुट्टीत त्यांनी मोठ्या बाईंचं दार ठोठावलं.

“बाई, चित्रकलेच्या बाईंना यातलं काहीही माहीत नाही. भोवरा मी आहे.”

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. बाहेर मैदानावर पोरांचा कालवा चालला होता.

“पहिल्या पुस्तकापासून?”

“पहिल्यापासून.”

“आणखी कुणाला ठाऊक?”

“बायकोला. आणि प्रकाशकांना.”

त्या उठून खिडकीपाशी गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

“तुमचा अपमान करायचा नव्हता,” ते म्हणाले. “लिहिता लिहिता मला त्या बाई आवडायला लागल्या होत्या, हे खरं सांगतो. राजीनामा आजच देतो.”

मोठ्या बाई वळल्या. निकालाच्या दिवशी असतो तसाच करारी चेहरा.

“राजीनामा कसला देताय? बसा. नव्या पुस्तकात शेवटी करवती बाईंना रडवलंत. त्या रडत नाहीत, सर. ते पान मी कालच खोडलंय.”