फोनमधली सवत

आकारामने आपण होऊन फोन हातात दिला, तेव्हा स्वप्नालीला आधी खरंच वाटेना.

“जरा पळता कर की ह्येला,” तो म्हणाला. “सांजच्याला लई अडतोय. तुला जमतं न्हवं त्यातलं?”

जमत होतं. पेठ वडगावला माहेरी असताना सगळ्या गल्लीचे फोन तीच नीट करून द्यायची. पण लग्न होऊन उचगावात आल्यापासून या एका फोनला हात लावायची सोय नव्हती. काच तडकलेली, बॅटरी फुगायला आलेली, साधा कॉल लावायचा तरी देवाचं नाव घेऊन बसावं लागे. नवरा कागलच्या एमआयडीसीत नोकरीला, तेव्हा नवा परवडत नव्हता असंही नाही. पण विषय काढला की तो म्हणे, “नगं. ह्योच बरा हाय.”

तो का बरा, ते स्वप्नालीला ठाऊक होतं. फोन शालनचा होता. शालन म्हणजे आकारामची पहिली बायको, आजारपणात गेलेली.

स्वप्नाली दुसरेपणावर आली ती डोळे उघडे ठेवून. लग्नात सवतीच्या नावाची चांदीची पुतळी गळ्यात घातली, तेव्हाही तिने कुरकुर केली नाही. माणूस निर्व्यसनी होता, वाकडा शब्द बोलत नव्हता. एवढं मिळाल्यावर भिंतीवरच्या फोटोचा कसला आलाय त्रास? पण फोटो गप्प असतो. हा फोन बोलायचा.

सकाळ-संध्याकाळ धारेचं निमित्त करून आकाराम फोन घेऊन गोठ्यात शिरे आणि दार आतून ओढून घेई. मग फटीतून बाईचा आवाज यायचा, संथ आणि लाडाचा. “ऐक की माझं. असं करत्यात व्हय? मी हाय न्हवं हितंच? शाणं माझं ते.” मध्येच बांगड्या वाजायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून तेच.

स्वप्नालीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आपल्याशी चार शब्दांत संसार उरकणारा माणूस तिथे मेलेल्या बाईकडून लाड करून घेत बसतो, हे कुणाला सांगायचं? सवत जिवंत असती तर तिच्या झिंज्या तरी उपटता आल्या असत्या. एकदा ती तावातावाने दार लोटून आत गेलीही, पण म्हशीने अशी शिंगं रोखली की आल्या पावली पळावं लागलं. ती म्हैस शालनच्या माहेरची. तीही सवतीच्याच बाजूची निघाली.

पातळाचीही तीच गत. शालनचा लग्नातला शालू आकारामने तिच्या बहिणीला खुशाल देऊन टाकला होता. मात्र पदराला शेणाचे डाग पडलेलं एक विटकं हिरवं पातळ ट्रंकेत जपून ठेवलं होतं. निदान धुऊन तरी ठेवते म्हणून स्वप्नालीने ते काढलं, तर त्याने हातातून काढून घेतलं. “वास जाईल त्येचा,” एवढंच बोलला. त्या दिवशी स्वप्नाली जेवली नाही.

आणि आज तोच माणूस फोन तिच्या स्वाधीन करून पेंड आणायला बाजारात गेला होता.

ती उंबऱ्यात बसली आणि कामाला लागली. सुप्रभाताची फुलं, कुस्त्यांचे व्हिडिओ, कधी न उघडलेली ॲप, सगळं काढून टाकलं. साठलेला कचरा साफ करून फोन बंद करून चालू केला. खरोखर पळायला लागला. काम तिथेच संपत होतं.

पण रेकॉर्डिंगच्या यादीत एकच नाव होतं, शालन.

तिने ते लावलं. “मी हाय न्हवं हितंच?” हे ऐकलं मात्र, आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. हितंच कशी? हितं मी आहे. तिने ते पुसलं. मग आठवणीने कचरापेटीत जाऊन तिथूनही पुसलं. थोडं चुकल्यासारखं वाटलं, पण त्याहून जास्त हलकं वाटलं. उठून तिने वेणीफणी केली, नवी साडी नेसली.

आकाराम आला, फोन चालवून बघितला आणि कधी नव्हे तो हसला. “सुसाट केलास की गं,” म्हणाला. तेवढ्या शब्दांनी ती सुखावली. तो बादली उचलून गोठ्यात गेला आणि दार ओढून घेतलं.

आज फटीतून काहीच ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला, तो घामाघूम होऊन.

“शालनचं बोलणं कुठं गेलं?”

“मी पुसलं,” स्वप्नाली म्हणाली. इतके दिवस दाबलेलं सगळं तोंडाशी आलं. “मेलेल्या माणसाला किती दिस कानाशी धरायचं? मी जिती हाय की घरात. माझ्याकडं कवा बघनार तुमी?”

आकाराम चिडला नाही. बादली तिथेच ठेवून घरात गेला. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. आता हा ते पातळ उराशी धरून रडणार आणि आपण ते बघत उभं राहायचं.

तो पातळ घेऊन बाहेर आला. खालची रिकामी बादली उचलली आणि दोन्ही तिच्यापुढे धरलं.

“ती दवाखान्यात पडली तवा मीच हे नेसून बसायचो. सारी गल्ली हसली. म्हनून तिनं खाटंवरनं तेवढा आवाज भरून दिला. तुला सांगायची लाज वाटली बघ,” तो खाली मान घालून म्हणाला. “आता तूच नेस आन तिच्यागत बोल. त्याबिगर म्हैस पान्हा सोडत न्हाय.”