पंपावरचा बिल्ला

गेल्या हिवाळ्यातल्या तापात आपल्या जिभेची चव गेली, हे पबवाल्या रॉलंडने कुणाला सांगितलं नाही. त्याच्या बिअरने ते गावभर सांगितलं. तळघरातल्या पिंपात मुरणारी जिवंत बिअर ती, मालकाची जीभ चुकली की आंबलीच. बिघडलेला ग्लास गिऱ्हाइकाने परत करायचा आणि मालकाने मुकाट्याने बदलून द्यायचा, ही तिथली रीत. पण रॉलंडला तोंडावर कोण सांगणार? त्यापेक्षा एकाचा गुडघा दुखू लागला, दुसऱ्याला बायको सोडेना, आणि पलीकडच्या गावातल्या पबात मात्र दोघंही वेळेवर हजर. उरला एकटा सिरिल. रोज संध्याकाळी तो आंबट ग्लास चेहरा न बदलता संपवायचा आणि घरी जाऊन पोटासाठी खायचा सोडा घ्यायचा. मैत्रीच्या खात्यात एवढी तूट त्याला चालत होती.

आज त्याने टोपी खुंटीला लावेपर्यंत ग्लास भरून तयार होता.

"कशी आहे रे?" रॉलंडने विचारलं.

सिरिलने मोठा घोट घेतला. "झकास! तुझ्या हाताला तोड नाही, लेका."

"कालच्यासारखीच?"

"अगदी कालच्यासारखी."

रॉलंड थोडा वेळ फडक्याने काउंटर पुसत राहिला.

"चिप्सवर घालायचं व्हिनेगर ओतलंय मी त्यात, सिरिल. अर्धी बाटली."

मग त्याने काउंटरवरच्या बिअर उपसायच्या हातपंपावरचा, बिअरचं नाव लिहिलेला बिल्ला भिंतीकडे फिरवला, पिंप संपलं की फिरवतात तसा. खाली तळघरात पिंपं भरलेली होती.