चिहारूचा खण

बंद पडलेल्या आपल्या प्राथमिक शाळेच्या दारात तिघांनी सवयीने बूट काढून बुटांच्या कपाटातल्या आपापल्या जुन्या खणात ठेवले. चिहारूच्या खणात आधीच लहान मुलीचे लाल बूट होते. बाहेर कडक ऊन, आणि त्या बुटांना मात्र ओला चिखल.

“खणात बूट, म्हणजे पोर अजून वर्गात,” तेत्सुओने चिडवलं. “तू घरी गेलीच नाहीस की गं!”

मिनाए खिदळली. चिहारूला हसू आलं नाही. ते बूट तिचेच होते, लहानपणचे.

वर्ग बघताना ती जराशी मागे रेंगाळली. दारात परतली, तर खणात फक्त लाल बूट उरले होते.

फाटकाबाहेर तेत्सुओ आणि मिनाए गप्पा मारत चालले होते. त्यांच्या मधोमध, तिचे बूट घालून, कुणीतरी हसत होतं.

चिहारूने जीव खाऊन हाक मारली. कुणीच वळलं नाही.

लाल बुटात तिचा पाय अगदी बरोबर बसला.