मुराळी

सकाळचे ऊन कुरुंद्यातील आमच्या अंगणात फार सावकाश उतरले. आधी ते वाळत घातलेल्या हळदीवर रेंगाळले, मग उंबऱ्याशी कळा सोसत बसलेल्या रेवतीच्या घामेजल्या कपाळावर, आणि शेवटी रस्त्यापलीकडच्या पांढऱ्या भिंतीवर.

"अहो, कळा थांबंनात. दवाखान्यात चला ना," ती म्हणाली.

आई आतून म्हणाली, "पहिलं बाळंतपण माहेरचं असतंय. मुराळी आल्याबिगर पाय उचलला, तर त्यांचा मान काय ऱ्हायला?"

माहेराहून न्यायला येणारा हा मुराळी म्हणजे रेवतीचा भाऊ वैजनाथ. तो साखऱ्याहून जीप घेऊन निघाला होता. मी त्याची वाट पाहत राहिलो.

ऊन डोक्यावर आले तेव्हा तो पोहोचला. बहिणीकडे पाहताच ओरडला, "दाजी, माझी वाट काहून बघून राहिले तुमी?"

रेवती वाचली. लेकरू रडलेच नाही.

आजही कोणी विचारले, की मी चिडून सांगतो, वैजनाथला उशीर झाला, साखरा फार लांब आहे.



रस्त्यापलीकडची ती पांढरी भिंत दवाखान्याची आहे.