एकेक बूट

डॉक्टरांनी बूट टेबलावर ठेवले आणि आतलं अस्तर दोन बोटांनी जरासं उचलून दाखवलं. "तळ बदलायला दिले होते. दुकानातला म्हणाला, साहेब, आत काहीतरी लिहिलंय."

मावशीनं दिवा खाली ओढला. अस्तर म्हणजे तळव्याच्या आकारात कापलेलं चर्मपत्र, आणि त्यावर हातानं लिहिलेली हिब्रू अक्षरं. तोराहच्या, ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळीतला तुकडा. दुसऱ्या बुटात दुसरा.

ज्यू इतिहासाच्या त्या केंद्रात दोन संस्था एका छपराखाली नांदत होत्या. वर दप्तरखाना, खाली संग्रहालय, आणि दोघांच्याही जुन्या वस्तूंची डागडुजी मावशीकडे. जळलेली, भिजलेली, उंदरांनी कुरतडलेली पानं तिनं हाताळली होती. पण आज तिनं पुढे केलेला हात मागे घेतला. आजोबांनी तिला ही अक्षरं शिकवली ती चांदीच्या काडीनं दाखवून. उघडं बोट लावायचं नाही, असा त्यांचा दंडक. आणि इथे टाचेच्या घामानं ओळीच्या ओळी काळ्या पडल्या होत्या.

"बूट वडिलांचे, पण त्यांना माहीत नसणार," डॉक्टर म्हणाले. दातांचे डॉक्टर, आता निवृत्त. स्वच्छ कपडे, मऊ बोलणं. "महायुद्धाचे दिवस. चामडं मिळायचं कुठं? ज्यानं शिवले त्यानं हाताला लागलं ते घातलं असेल."

"अक्षरं वरच्या बाजूला आहेत, डॉक्टर. रोज पाय घालताना दिसत असणार."

डॉक्टरांनी बुटात वाकून पाहिलं. "आम्हाला ती नक्षी वाटायची. लहानपणी मीच पॉलिश करायचो यांना." मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "बूट तुम्हाला दिले की शेजारी लावायच्या पाटीचं मी फोनवर बोललो होतो. माझ्या वडिलांनी जिवापाड जपलेला ठेवा, असं काहीतरी."

"जिवापाड," मावशी म्हणाली.

"इतकी वर्षं टाकून नाही ना दिले."

तेवढ्यात वरच्या दप्तरखान्याचे सर धापा टाकत जिना उतरून आले. संग्रहालयाच्या बाई त्यांच्या मागोमाग, फोटोवाल्याला घेऊनच. दोघांनी एकदमच बुटांत डोकावलं आणि डोक्याला डोकं लागलं.

"काय वस्तू आहे," बाई म्हणाल्या. "दालनाच्या मधोमध लावू. वरून एकच दिवा."

"लिहिलेलं आहे ना, मग ते दप्तरखान्याचं. आपलं ठरलंय तसं."

"बूट आहे तो, सर. बूट कधीपासून दप्तरात जायला लागले?"

वाटणीच्या वेळी भांड्याकुंड्यांवरून जुंपते तशी दोघांची जुंपली. कुणाकडे जास्त माणसं येतात, कुणाची काच चांगली, मागच्या वेळी ती चांदीची दिवटी कुणी लाटली. दोघांपैकी कुणीतरी आवाज खाली आणेल म्हणून मावशी वाट पाहत होती. कुणी आणला नाही. मग सरांना तोड सुचली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"जोडी आहे ना? एक तुम्ही घ्या, एक आम्ही."

बाईंनी दोन्ही बूट नीट न्याहाळले. "डावा आम्हाला. त्यातलं लिखाण जास्त उठून दिसतंय." मग मावशीकडे वळून, "जरा हात फिरवून द्याल का यांच्यावर? फोटोत फार मळके दिसतील."

मावशीला शिसारी आली. बूट घालणारा मेला होता, शिवणाराही मेला असणार. ही माणसं तर रोज तिच्याबरोबर चहा प्यायची.

तिनं हातमोजे चढवले, हाडाची चपटी पट्टी चर्मपत्राखाली सरकवली आणि हळूहळू फिरवली. वाळलेला गोंद कडकड करत सुटला. दोन्ही तुकडे तिनं पांढऱ्या कापडावर शेजारी शेजारी ठेवले. उजव्या तुकड्यावर तुटलेली ओळ डाव्या तुकड्यावर पुढे चालू झाली होती. कात्री एकाच पानावर चालली होती, वाक्याच्या मधोमध. तिनं कापडाची घडी वरून घातली, ते एका खोक्यात घातलं, खोकं कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं.

"हे काय चाललंय?" सरांनी विचारलं.

"आत राहिलं असतं तर कुजलं असतं. आणि अक्षरं खराब झालेली तोराह काचेत ठेवत नाहीत सर, माणसासारखी पुरतात. दफनभूमीत मी आजच कळवते."

"ते समिती ठरवील."

"मग समिती बोलवा. तोवर किल्ली माझ्यापाशी आहे."

तिनं टेबलावरचे बूट उचलले. डावा बाईंच्या हातात दिला, उजवा सरांच्या. "घ्या. एकेक."

दोघं बूट धरून उभे राहिले. फोटोवाल्यानं कॅमेरा वर केला आणि काय वाटलं कोण जाणे, पुन्हा खाली घेतला.

डॉक्टर खाकरले. "आणि पाटी?"

"तुम्हीच सांगा, काय लिहायचं."

डॉक्टरांनी खरोखरच विचार केला. त्यांचा चेहरा निवळला.

"बाबा नेहमी म्हणायचे, कडाक्याच्या थंडीतसुद्धा या बुटांत पाय कधी गार पडले नाहीत," ते म्हणाले. "तेवढं लिहिलंत तरी चालेल."