हसरा बाक

दरवर्षीप्रमाणे पाळकांनी रविवारच्या उपासनेत बायबलमधलं प्रेमगीत वाचलं आणि ठणकावून सांगितलं, "यातला प्रियकर म्हणजे ख्रिस्त आणि प्रिया म्हणजे आपलं चर्च. भलते अर्थ काढू नका!" शेजारी उभी राहून त्यांची बायको पहिल्या बाकावरच्या कर्णबधिरांना सगळं खुणांनी सांगत होती. तो बाक मात्र सुरुवातीपासून गालातल्या गालात हसत होता.

उपासना संपताच पाळकांनी त्या बाकावरच्या सुताराला गाठलं. "अगं, विचार याला, हसायला काय झालं?"

सुताराने भराभर हात हलवले. बायकोने मान खाली घातली.

"सांग की! काय म्हणतोय?"

"म्हणतोय, अर्थ समजला. पण 'माझा प्रियकर' ही खूण करताना मी दरवर्षी तुमच्याकडेच बोट दाखवते."