न जाळलेलं शेत

आमच्या नेमावर गावी गहू निघाला की शेतात उरलेली नरवाई, म्हणजे खुंट, मी दरसाल पेटवायचो. आग पसरू नये म्हणून घरवाली पळसाची ओली फांदी घेऊन बांधावर उभी राहायची. ती वारल्यावर एकट्यानेच पेटवली. तासाभरात पटवारीबाई हजर! "काका, बंदी आहे ना? सॅटेलाइटला धूर दिसला!" तिनेच फांदी मोडली, घरवालीच्या जागी उभी राहून आग झोडपली, झापलं, चहा पिऊन गेली. वर्षभरात घरी आलेलं तेवढंच माणूस. पुढल्या साली फांदी तोडून, दोन कप मांडून मगच काडी लावली. ती आली, कप बघून तिला कळलं. "काका, आता जाळू नका. मी अशीच येईन." यंदा मी तिचं ऐकलं, जाळलं नाही. मशीनने खुंटांतच मूग पेरला, झकास उगवला. कोणी फिरकलं नाही. फोन लावला, "पोरी, न जाळलेलं शेत दिसतं का गं तुझ्या सॅटेलाइटला?"